हिरवं बटण

आण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा मी पहिल्यांदा नीट बघितला तो 2023 च्या फेब्रुवारीत. सांगलीजवळच्या डिग्रजला आमच्या रानात हळद काढणी चालू होती. शिजवलेली हळकुंडं खळ्यावर वाळत पडली होती आणि आण्णा बाजल्यावर बसून माझ्याशी बोलत होते. तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. आदल्या दिवाळीत आम्ही बहीण-भावांनी मिळून घेतलेला तो मोठ्या पडद्याचा, निळ्या कव्हरातला फोन बाजल्यावर थरथरायला लागला. आण्णांनी तो हातात घेतला, लांब धरला, आणि अंगठा टेकवून वर सरकवला. काही झालं नाही. पुन्हा सरकवला. मग अंगठा धोतराला पुसला. मग जिभेला लावून ओला केला. चौथ्या वेळी ती हिरवी खूण जराशी हलली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली. रिंग थांबली. काचेवर हळदीचे पिवळे पट्टे उमटले होते.

"हे असं करतंय बघ," आण्णा म्हणाले आणि फोन पालथा घालून ठेवला.

माझ्या पोटात कालवलं. तीन महिने मी रोज रात्री आठच्या सुमाराला त्यांना फोन करत होते आणि चार-पाचदा केल्याशिवाय तो लागत नव्हता. लागला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आण्णा, फोन उचलत का नाही तुम्ही?" ते म्हणायचे, "आवाज आला न्हाई बघ." आवाज येत होता. फोन हातातही होता. फक्त तो पडदा त्यांच्या अंगठ्याला दाद देत नव्हता, आणि पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला हे लेकीला सांगायला संकोच वाटत होता.

मग मी तो अंगठा हातात घेऊन बघितला. पेराच्या आतल्या बाजूला कातडी इतकी जाड झालेली, की नखाने टोचलं तरी त्यांना कळत नव्हतं. मधोमध दोन भेगा, त्यांत हळद जाऊन बसलेली. पन्नास वर्षं उसाच्या मोळ्या आवळलेला, कुदळीचा दांडा धरलेला, काहिलीतली गरम हळद उपसलेला अंगठा तो. टचचा पडदा दाबाने चालत नाही, हे मला माहीत होतं पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. काचेखाली अगदी सूक्ष्म विद्युतभार पसरलेला असतो. अंगातल्या ओलाव्यामुळे बोटातून वीज वाहते, त्यामुळे बोट टेकलं की तेवढ्या ठिकाणचा भार बदलतो आणि फोनला कळतं, बोट इथं आहे. कातडी कोरडी, जाड, भेगाळलेली असेल तर तो बदल पुरेसा होत नाही. फोन समजतो, कुणी हातच लावला नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर आण्णांचा ठसा उमटायला पाच-पाच वेळा लागतो. कारण निराळं असलं तरी मूळ तेच, कष्टाचा हात.

काही फोनमध्ये आवाज वाढवायच्या बाजूच्या बटणाने कॉल उचलायची सोय असते. काहींत पडद्याची संवेदनशीलता वाढवता येते. हे मी नंतर शोधलं. आम्ही घेतलेल्या फोनमध्ये दोन्ही नव्हतं, आणि घेताना आम्ही ते विचारलंही नव्हतं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मात्र दादाने दोनदा विचारलं होतं.

त्याआधी आण्णांकडे नोकिया 1100 होता. 2005 च्या महापुरात गाव तीन दिवस तुटलं आणि आई-आण्णा कसे आहेत ते कळेना, म्हणून पूर ओसरल्यावर दादाने पहिल्या पगारातून तो घेऊन दिला. 2003 साली आलेला हा फोन जगात 25 कोटींच्या वर खपला, आतापर्यंतच्या सर्वांत जास्त खपलेल्या फोनांपैकी तो एक. तो केलाच होता आपल्यासारख्या देशांसाठी. बटणांवर रबरी आवरण होतं, त्यामुळे धूळ आत जात नसे. कडा घट्ट, घामाच्या हातातून न निसटणाऱ्या. आणि वरच्या टोकाला बॅटरी, म्हणजे टॉर्च. 'सी'चं बटण दाबून धरलं की उजेड पडायचा. शेतीची लाईट रात्री असली की आण्णा बाराला उठून मोटर चालू करायला जायचे, ते याच उजेडात. पुढे मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. घरी अंथरुणावरून स्टार्टरच्या नंबरला फोन लावायचा, पलीकडून आवाज आला की आकडा दाबायचा, रानात मोटर सुरू. ओढ्याकाठच्या त्या वाटेवर साप असतात. तो स्टार्टर आला तेव्हा आई किती निर्धास्त झाली ते मी बघितलंय. या सगळ्याला लागत होता तो साधा बटणाचा फोनच.

पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. आण्णांचं सगळं फोन लावणं त्या उंचवट्यावरून चालायचं. अंगठा पाचावर ठेवायचा, तिथून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार. चष्मा नको, उजेड नको. त्यांना चाळीसेक नंबर तोंडपाठ होते: माझा, दादाचा, गूळ घेणाऱ्या अडत्याचा, मार्केट यार्डातल्या हमालाचा, डॉक्टरांचा, ट्रॅक्टरवाल्याचा. फोनची त्यांना दुसरी एक शिस्त होती, कमी बोलायचं. 2003 पर्यंत आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. तो काळ आण्णांनी स्वतः भोगला नव्हता, पण एसटीडी बूथवर मीटर बघत बोललेला माणूस होता तो. "बोल. बरं. ठेवतो." एवढ्यात सगळं. ठेवतो म्हणायच्या आत ठेवलेलाही असायचा.

2019 चा ऑगस्ट आमच्या भागात कुणीच विसरणार नाही. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. 45 फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. डिग्रजला आई-आण्णा चुलतभावाच्या दुमजली घराच्या स्लॅबवर होते, चौदा माणसं, दोन शेरडं. लाईट पहिल्याच दिवशी गेली. घरात सहा टचचे फोन होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहाही बंद पडले, कारण पोरं सतत पाण्याचे व्हिडिओ बघत होती, कोयनेतून किती विसर्ग सोडला ते बघत होती. त्यांचा तरी काय दोष, जीव टांगणीला लागलेला. आण्णांचा नोकिया मात्र चार दिवस चालला. त्यांनी तो सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तेवढाच चालू करायचं ठरवलं होतं. मी सांगलीत विश्रामबागेत त्या दोन वेळांची वाट बघत बसायची. रेंज कधी असायची, कधी नसायची, कारण टॉवरची वीज गेली की कुठलाच फोन कामाचा नाही. पण ज्या ज्या वेळी लागला त्या त्या वेळी "सगळी बरी हाईत" एवढं ऐकू आलं. तेवढ्यावर मी पुढचे बारा तास काढायची.

तरी बोट आली ती एका टचच्या फोनमुळे, हेही सांगितलं पाहिजे. फोन बंद पडायच्या आधी पुतण्याने शहाणपणाने स्लॅबचं लोकेशन दहा-बारा जणांना पाठवून ठेवलं होतं. सगळीकडे पाणीच पाणी, रस्ता नाही, गल्ली नाही, खांबही बुडालेले. अशात "चावडीच्या मागचं घर" असं सांगून बोटवाल्याला काय कळणार? त्या लोकेशनवर ते थेट आले.

म्हणून मी कुणी 'बटणाचाच बरा' म्हणालं तरी मान डोलवत नाही, आणि 'आता टचशिवाय चालत नाही' म्हणालं तरी नाही. मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसभरात पाच-सहा म्हातारी माणसं काचेखालून आपला फोन आत सरकवतात, "ताई, हे काय आलंय बघा." मेसेज वाचून दाखवायचा, कधी आवाज बंद झालेला चालू करून द्यायचा, कधी फ्लाइट मोडवर गेलेला फोन परत आणायचा. एका आजोबांचा फोन आठ दिवस फ्लाइट मोडवर होता. मुलं विचारत नाहीत असं त्यांना वाटत होतं. मी ती विमानाची खूण दाबली आणि एकामागून एक मेसेज यायला लागले. ते काउंटरला धरून उभे राहिले होते. त्या दिवसापासून फोनबद्दल मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या माणसाला कुणालाही न विचारता या फोनवर काय काय करता येईल? किंमत, कॅमेरा, रंग, सगळं त्याच्या मागाहून.

आणि या प्रश्नाचं उत्तर वयावरून काढता येत नाही, हे मला आईनं दाखवलं.

आई चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी अजिबात नाही. नोकियावर नावं सगळी इंग्रजीत भरलेली. तिला माझा नंबर 'वरनं तिसरा' म्हणून माहीत होता. मध्ये दादाने एक नवीन नाव भरलं आणि मी चौथी झाले. आईचा फोन दोन महिने मिरजेच्या एका खताच्या दुकानदाराला लागत होता. तो बिचारा रोज सांगायचा, "आजी, राँग नंबर." आण्णांनी टचचा फोन पालथा घालून ठेवला तो आईने हळूच आपल्याकडे घेतला. तिच्या पडद्यावर मी आमच्या चौघांचे फोटो ठेवून दिले. फोटोवर बोट टेकवलं की फोन लागतो. वाचायचं काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येत नाही, पण माईक दाबून धरून बोलता येतं. आता ती मला दिवसाला चार-पाच निरोप बोलून पाठवते, तेही पूर्ण, पाल्हाळासकट, मागे कोंबड्या ओरडताहेत, कुकरची शिट्टी होतेय. यूट्यूबला ती तोंडाने सांगते, "कीर्तन लाव," आणि ते लावतं. जन्मभर कागदाला आणि पाटीला बिचकलेल्या बाईला पहिल्यांदा एक अशी वस्तू भेटली जी ती आपल्या बोलीत बोलली तरी ऐकते.

तिचे हात काही आण्णांपेक्षा मऊ नाहीत. पण तिनं आपली युक्ती काढली. ती करंगळीनं फोन चालवते. करंगळी कुठल्याच कामात फारशी घासत नाही, तिची कातडी अजून मऊ आहे. उजव्या हाताची मूठ करून करंगळी बाहेर काढते आणि फोटोवर अलगद टेकवते, कुंकू लावल्यासारखी. आण्णांनाही तिने शिकवून बघितलं. घरात जमलं त्यांना. पण रानात उन्हात पडदा दिसेना, हात ओले असले की पाण्याचे थेंब बोटासारखे वागायला लागले, आणि बंडीच्या खिशात फोन आपोआप कुणालाही लागायला लागला. तेव्हा 2025 च्या सुरुवातीला मी त्यांना घेऊन मारुती रोडवरच्या दुकानात गेले.

"बटणाचा द्या," आण्णा म्हणाले.

दुकानदार पोरगा चांगला होता. त्यानं काचेवर सहा फोन मांडले, हजारापासून अडीच हजारांपर्यंतचे. इथं मी आधी हात पोळून घेतलेला होता. दोन वर्षांपूर्वी आण्णांना नोकिया परत द्यायचा म्हणून नवं सिम घेतलं, तर ते त्यात चालेचना. त्या कंपनीकडे 2G, म्हणजे जुन्या पिढीची सेवा नव्हतीच, आणि नोकिया 1100 तर 2G शिवाय दुसरं काही जाणत नाही. फोन धडधाकट, सिम धडधाकट, आणि दोघांची गाठ नाही. दुकानात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून यावेळी पहिलाच प्रश्न तो विचारला: हा 4G आहे का, आणि 4G वर कॉल लागतो का? बटणाच्या फोनातही आता दोन्ही प्रकार मिळतात. पाच-सातशे रुपये वाचवायला 2G वाला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अजून काही कंपन्यांचं 2G चालू आहे, पण फोन दहा वर्षं वापरणाऱ्या माणसाला तो भरवसा पुरत नाही.

बाकीचं आण्णांनी स्वतः बघितलं. त्यांनी एकेक फोन हातात घेतला, तोंड रस्त्याकडे वळवलं आणि न बघता माझा नंबर लावला. दोन फोनांची बटणं इतकी सपाट आणि चिकटलेली, की पाचावरचा उंचवटा त्यांच्या अंगठ्याला लागेचना. ते बाजूला. एकाचे आकडे रंगानं छापलेले होते, वर्षभरात पुसले जाणार. तोही बाजूला. उरलेल्या तिघांना घेऊन मी त्यांना दुकानाबाहेर रिक्षांच्या गोंगाटात उभं केलं आणि आतून फोन केला. एकाचाच आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला. तोच घेतला. बॅटरी काढता येणारी आहे, म्हणजे ती फुगली-संपली तरी फोन टाकावा लागणार नाही. जुन्या नोकियाची बॅटरी आजही मिळते, गावात भजनाचे छोटे स्पीकर त्याच बॅटरीवर वाजतात. नव्या फोनवर मराठी मेसेज नीट दिसतो. नोकियावर नुसते चौकोन दिसायचे. आणि पाच किंवा नऊ दाबून धरलं की तातडीच्या मदतीच्या 112 ला फोन लागतो. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत ही सोय असणं सरकारने बंधनकारक केलंय. ती घरी आल्यावर चालते का ते नीट समजून घ्यायचं आणि म्हाताऱ्या माणसाला दाखवून ठेवायचं, एवढं काम आपलं.

बॅटरीचं एक कोडं मला खूप दिवस होतं. आईच्या फोनची बॅटरी 5000 एमएएचची, आण्णांच्या नव्या फोनची जेमतेम हजाराची. तरी आईचा रोज रात्री चार्जिंगला आणि आण्णांचा चार-पाच दिवसांनी. मोठ्या पडद्याचा उजेड हे एक कारण. दुसरं असं, की टचचा फोन आपण बाजूला ठेवला तरी गप्प बसत नाही. मेल आलाय का, मेसेज आलाय का, नवं काय आलंय, हे तो आतल्या आत सारखा विचारत राहतो. साधा फोन टॉवरला अधूनमधून ओ देतो आणि झोपतो.

रिचार्जचा काच मोठा होता. आण्णांना इंटरनेट नकोच, तरी मिळणाऱ्या बहुतेक पॅकमध्ये रोजचा दीड जीबी डेटा गळ्यात बांधलेला. 2024 च्या जुलैत दर वाढले तेव्हा आमच्या काउंटरवर कितीतरी जणांनी ही कळ बोलून दाखवली: वापरत नाही त्याचे पैसे कशाला? 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत करता येईल. पुढच्याच महिन्यात ते पॅक आले. पण ते दुकानदार आपणहून सांगतोच असं नाही. "नेट नसलेला, वर्षाचा" असं तोंड उघडून मागावं लागतं.

जुना फोन कुणाकडून घ्यायचा असेल तर स्टार हॅश 06 हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघावा, इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो नंबर टाकावा आणि 14422 ला एसएमएस पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं. आमच्या शिपायाच्या मुलाने असा एक फोन घेतला होता, आठ दिवसांत तो मुका झाला.

आईसाठी नंतर आम्ही फोन बदलला, तेव्हा मात्र सगळ्यात स्वस्त घ्यायचा नाही असं ठरवलं. पहिला 32 जीबीचा होता. सुप्रभातचे फोटो आणि नातवंडांचे व्हिडिओ यांनी तो वर्षात भरला, रोज 'स्टोरेज फुल' ओरडायचा, हँग व्हायचा. टचच्या फोनचं आयुष्य त्याच्या काचेवर ठरत नाही, कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार त्यावर ठरतं. अपडेट थांबले की पुढे बँकेची अ‍ॅपं चालेनाशी होतात, आणि चालली तरी धोका असतो. हा प्रश्न विचारला की बरेच विक्रेते विषय बदलतात. विचारायचा सोडू नये.

धोक्याचं म्हणाल तर आमच्याच गल्लीत एकांना लग्नपत्रिका आली, व्हॉट्सअ‍ॅपवर. लग्नसराईचे दिवस, कुणाची म्हणून उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅपच बसतं. ते अ‍ॅप त्यांचे सगळे मेसेज वाचत होतं, बँकेचे ओटीपीसुद्धा. बेदाण्याचे आलेले पैसे रात्रीत गेले. ते लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करते तर काही रक्कम अडवता आली असती, पण हा नंबर त्यांना माहीतच नव्हता. आता तो मी आमच्या काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलाय. साध्या फोनवर अशी फाइल उघडतच नाही, हा त्याचा मोठाच गुण. फसवणारे त्यावरही येतात, बोलून. आण्णांना एकदा आला होता, "बँकेतून बोलतोय, कार्ड बंद होणार आहे, नंबर सांगा." आण्णा म्हणाले, "बँक उघडली की येतो," आणि ठेवला. त्यांच्या कमी बोलण्याचा असाही उपयोग झाला.

साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये यूपीआय 123 पे सुरू केलं. ठरावीक नंबरला फोन लावून, आकडे दाबत पैसे देता येतात, इंटरनेट लागत नाही. मी आण्णांना ते लावून दिलं. त्यांनी दोनदा वापरलं आणि सोडलं. त्यांना नोट मोजून द्यायला आवडते. मी आग्रह केला नाही.

पण काही कामं साध्या फोनवर होतच नाहीत, आणि ती टाळूनही चालत नाही. माझी आत्या निवृत्त शिक्षिका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पूर्वी रांगेत उभी राहायची, बोटांचे ठसे उमटायचे नाहीत. आता भाचा तिच्यासमोर फोन धरतो, चेहरा ओळखला जातो, पाच मिनिटांत दाखला. आणि आमच्या घरी ई-पीक पाहणी. 2021 च्या 15 ऑगस्टपासून ती सगळ्या राज्यात सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या रानात उभं राहून अ‍ॅपवर पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबारावर पीक चढतं. सातबारावर पीक नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी हात चोळत बसायचं. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायला लागत नाही.

गेल्या खरिपात त्या पाहणीला मी रानात होते. हळद मांडीपर्यंत आलेली, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, वाफे ओले. आईनं पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि फोन घेऊन सरीत उतरली. पाय चिखलात, एक हात फोनला, दुसऱ्या हाताची करंगळी बाहेर काढलेली. आण्णा बांधावरून सांगत होते, "गट नंबर बघ आधी. न्हाई, तो वरचा न्हवं, खालचा." वाचायचं मी सांगत होते, दाबायचं ती करत होती. मी फोन मागितला तर म्हणाली, "र्‍हाऊ दे, मला येतंय." फोटोत तिची सावली पडत होती. आण्णा म्हणाले, "सरक जरा डावीकडं, पान दिसू दे." ती सरकली, वाकली, करंगळी टेकवली.

मला सांगलीला परतायचं होतं, म्हणून दुसऱ्या तुकड्याची पाहणी त्यांच्यावर सोडून मी एसटी धरली. गाडी अजून सांगलीत पोचलीही नव्हती, तेवढ्यात माझा फोन वाजला. आण्णांचा.

"झाली बघ दुसऱ्या रानाची बी. तुझ्या आईनं केली."

"रेंज होती का तिकडं? आणि फोटो नीट आला ना, आण्णा? आईला म्हणावं..."

ठेवला होता त्यांनी.